बाबांच्या आधी

६ जानेवारी २०२५, सोमवार

औषध लागू पडलं नाही.

खरं तर एवढंच आहे. बाकी डॉक्टरबाई जे काही बोलल्या ते याच्याच भोवती फिरत होतं. कॉम्प्युटरवर स्कॅन दाखवला — आतड्यांवर, यकृताच्या कडेला, सांडलेल्या साबुदाण्यासारखे ठिपके. ऑपरेशनमध्ये काढलं होतं ते परत आलंय. अंडाशयाचा हा कॅन्सर असाच पसरतो म्हणाल्या. "बेटा, अब हम ठीक करने के लिए इलाज नहीं करेंगे. तकलीफ़ कम करने के लिए करेंगे. समझ रही हो ना?"

मी मान हलवली. मला समजतं! घरात माझं कामच ते आहे. आईला अक्षर ओळखता येत नाही, बाबा सही करतात पण वाचत नाहीत, त्यांच्या आधीच्यांनी तर शाळा बाहेरूनसुद्धा पाहिली नसेल. म्हणून प्रत्येक रिपोर्ट आधी माझ्या हातात येतो. नर्ससुद्धा दारातून ओरडते, "पढ़ी-लिखी वाली को भेजो."

बाहेर बाकावर दोघं बसले होते. दोघांचे डोळे माझ्या तोंडाकडे.

"काय म्हणे वं डॉक्टरीणबाई?" आईनं विचारलं.

"औषध बदलणार म्हणाल्या."

खोटं नाही. खरंही नाही.

"चलो, मंग चांगलं आहे," आई म्हणाली. येताना रिक्षात तर हसवत होती आम्हाला. पोट पहिल्यांदा फुगलं तेव्हा शेजारच्या मिश्राइननं विचारलं होतं, "दीदी, इस उमर में खुशखबरी?" — त्या लाजेनं ही चार महिने पोटावर पदर आवळून हिंडली. कुणाला सांगितलं नाही. आज तेच सांगून खो खो हसत होती. बाबाही हसले.

मला ते चार महिने रस्त्यावर आडवे पडलेले दिसत होते.

८ जानेवारी

बेबीआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, आमच्यासारखीच इकडे हिंदी मुलखात, महाराजपुरात राहते, दोन गल्ल्या सोडून. माझं तोंड पाहूनच ओळखलं तिनं. मागच्या मोरीजवळ नेलं मला.

"तिच्याजवळ एक शब्द बोलू नको, विनू. माणूस रोगानं नाही मरत, हिंमत तुटून मरते."

"पण ती विचारेल ना आत्या."

"विचारू दे. विचारणाऱ्याले सगळंच सांगाव लागते काय? तू शिकली तं तुले वाटते सगळं तोंडावर बोलून टाकावं."

बाबा ओट्यावर खुर्चीच्या पायाला रेगमालचा खरखरीत कागद घासत होते. फर्निचरला पॉलिश करतात ते. दुकानातलं उरलेलं काम घरी आणतात. मी विचारलं, बाबा, काय करू? वर न पाहता म्हणाले, "तू पाह्य बाप्पा. मले त्यातलं नाही समजत."

नेहमी हेच. तू पाह्य.

शाळेत मुलांचे पेपर तपासताना कुणाला अर्धा मार्क जास्त गेला तर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कापून येते. मुलं हसतात मला. आणि इथे आईचं आयुष्य — तिचं, माझं नाही — मी पदराखाली झाकून ठेवायचं?

१२ जानेवारी

विचारलं नाही तिनं. मीही सांगितलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आईनं हट्टानं संक्रांतीचं हळदीकुंकू केलंच. मी नको नको म्हणत होते. पांढऱ्या पेशी कमी आहेत, गर्दी नको — डॉक्टरांनी बजावलंय. "तू त्या पेशी सांभाळ, मी पाहुण्या सांभाळते," म्हणाली. डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीवरून पदर. जरीची निळी साडी सुटून राहिली होती, तिला सेफ्टी पिना लावून लावून बसवलं. मी दारात सॅनिटायझर घेऊन उभी. मिश्राइनसुद्धा आली, गुप्ताइन आली, त्यांना आता आपली रीत पाठ झालीय — येतानाच कपाळ पुढे करतात!

बेबीआत्या सकाळपासून स्वयंपाकघरात. तिळाचे लाडू तिनंच वळले. बायका यायला लागल्या तशी तिनं आतला पडदा ओढून घेतला. आई दोनदा म्हणाली, "बेबीताई, या नं बाहेर. काही होत नाही आजकाल." आत्या आतूनच, "राहू द्या वहिनी. मी चहाचं पाहून राहिली." आत्याचा नवरा गेला तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती. मी तिला कधी त्या पडद्याच्या बाहेर पाहिलेलं नाही या दिवशी.

सगळ्या गेल्यावर आई गादीवर टेकली. घामाघूम. बाबा दूध आणायला गेले होते, आत्या घरी. बोटावरचं कुंकू पुसता पुसता आई म्हणाली, "पुढच्या वर्षी स्टीलच्या वाट्या लुटू. या वर्षी प्लास्टिकचं झालं."

मी खाली मान घालून उरलेले लाडू डब्यात भरायला लागले.

"काहून वं? नाही का लुटायच्या?"

आणि मग ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिनं तसं पाहिलं की मला लहानपणीसुद्धा खोटं बोलता आलं नाही.

मी सांगितलं. डॉक्टरबाईंचं वाक्य मराठीत केलं — जसंच्या तसं, काही कमी नाही, काही जास्त नाही. बरं होणार नाही. त्रास कमी करता येईल. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. मला वाटलं ती रडेल, मला मारेल, काहीतरी.

तिनं कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तुह्या बाबांच्या आधी."

"काय?"

"मी तुह्या बाबांच्या आधी जाईन." आणि एक मोठा श्वास सोडला. सुटल्यासारखा! "चला. कुंकवानं जाईन. बेबीसारखं पडद्याआड बसनं नाही आलं माह्या नशिबी."

मी उठून गच्चीवर गेले. तिथे मोठ्यानं रडले. दुःखानं नाही — रागानं!

२० जानेवारी

आत्याला कळलं. आईनंच सांगितलं, हसत हसत, बातमी सांगावी तसं.

"तुले कोणी सांगितलं होतं सांगाले? तुह्या मनाचा भार हलका झाला, हो नं? आता तिच्या डोक्यावर बसला तो!"

अजून तेच विचारतेय स्वतःला. आईनं विचारलं म्हणून सांगितलं, की मला झेपत नव्हतं म्हणून?

३ फेब्रुवारी

नवीन केमो. आता दर आठवड्याला. हात-पाय आधीच बधीर होते, आता बोटांना काहीच कळत नाही म्हणते. चहाचा कप सुटला. गुंड्या लागत नाहीत.

सकाळी आरशासमोर बसली होती. कुंकू लावताना बोट कुठे टेकतंय तेच समजेना तिला. भुवईवर गेलं. पुसलं. परत नाकावर. मी पुढे होणार तेवढ्यात बाबा आले. काही न बोलता समोर उकिडवे बसले, तिची हनुवटी धरली आणि लावलं. गोल, मधोमध. आयुष्यभर लाकडावर हात फिरवला त्यांनी, त्यांचा हात हलत नाही.

आई म्हणाली, "वार्निश नका लावू वरून."

बाबा म्हणाले, "लावलं असतं तं जास्त दिवस टिकली असती."

मी भांडी घासायला बसले, जी आधीच घासलेली होती.

११ फेब्रुवारी

उलट्या. ताप. रक्त चढवलं. शाळेतून परत रजा मागितली, बडी मॅडम म्हणाल्या, "कब तक, विनता?" — मला काय माहीत!

१५ फेब्रुवारी

बाबांच्या अंगाच्या पॉलिशच्या वासानं आईला मळमळतं. ते आता दुकानातच घासलेटनं हात धुतात, मग साबणानं, मग घरी येऊन पुन्हा आंघोळ, एवढ्या थंड पाण्यानं. जेवण ओट्यावर. आईनं आतून ओरडून विचारलं, "कोणाचा बहिष्कार आहे तुमच्यावर?" ते म्हणाले, "तुह्याच नाकाचा."

२३ फेब्रुवारी

भांडण झालं. आजारी माणसाशी मी भांडले. लिहून ठेवते.

आईनं पेटी उघडायला लावली. हिरवं लुगडं — लग्नातलं नाही, मामांनी दिलेलं — वर काढून ठेवायचं. हिरव्या बांगड्या काचेच्याच, प्लास्टिकच्या नाही. नथ मोडलीय ती बाबांनी सराफाकडून जोडून आणायची. ओटी मिश्राइननं नाही भरायची, आपल्यातल्या बाईनं भरायची. पाच सवाष्णी हव्यात. कपाळावर मळवट. "लोकं पाया पडतात अशा बाईच्या," म्हणाली. "मी केलं नाही कोणत्याच गावात नाव, पण त्या दिवशी सगळे वाकतील माह्यासमोर."

मी म्हणाले, आई, तू जगायचं बोल ना! मरणाची सजावट कसली करतेस? नवऱ्याच्या आधी मरण्यात कसलं आलंय पुण्य? बेबीआत्या काय पापी आहे? — असं बरंच. आवाज चढला माझा.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू कॉलेजात गेली, तुले नोकरी लागली, तुह्यापाशी पुष्कळ गोष्टी आहेत. माह्यापाशी हे एकच आहे वं. ते तरी राहू दे."

मी नथ रुमालात बांधून बाबांच्या खिशात घातली.

१४ मार्च, धुळवड

बाहेर सगळी गल्ली रंगात. आत पोटातलं पाणी काढून आणलंय परवा, तरी पोट पुन्हा नगाऱ्यासारखं. आवाज यायला लागला की आई डोळे मिटते. कुणीतरी दारावर ढोल वाजवला तर बाबा बाहेर जाऊन हात जोडून उभे राहिले. पोरं गेली बिचारी.

काही खात नाही. दोन चमचे भाताची पेज, ती पण बाहेर.

२१ मार्च

आज डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवलं. आतडी अडकायला लागलीत. अजून एक औषध आहे. उपयोगाची शक्यता अगदी थोडी, त्रास पुष्कळ. नाही तर घरी न्या, दुखण्याच्या गोळ्या देऊ. "आप लोग सोच लो."

मी म्हणाले, देऊ या. एकदम. विचार न करता. मी शोधून वाचलं होतं त्या औषधाबद्दल, मला त्याचे सगळे आकडे पाठ होते! थोडी शक्यता म्हणजे शून्य नाही ना?

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बधीर हात, जड पडला. डॉक्टरबाईंना तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मैडम, अब नहीं होता. घर जाती मैं."

रिक्षात मी बोलत नव्हते तिच्याशी. मदन महलच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाली, "रागावली?"

"तू इतक्यात हरलीस."

"हे मागचं जे घेतलं ना," ती म्हणाली, "तेही मी तुह्यासाठी घेऊन राहिली होती. तुले वाटलं पाहिजे का आपण सगळं केलं. मले तं पहिल्याच सुईत समजलं होतं."

आणि मी इतके दिवस मोजून मोजून तिला गोळ्या देत होते. कुणासाठी कोण काय करत होतं!

३० मार्च, पाडवा

गुढी बाबांनी उभारली. आई खिडकीतून बघत होती. "वाकडी आहे." "तू वाकडी झोपली, म्हणून वाकडी दिसते." कडुनिंब तिला दिला नाही. तसंही सगळं कडूच लागतं म्हणाली तोंडाला.

६ एप्रिल

मॉर्फिनच्या गोळ्या. झोपते बराच वेळ. मधूनच जागी होते तेव्हा लख्ख असते — आणि तेव्हा ती बाबांना स्वयंपाक शिकवते!

पलंग स्वयंपाकघराच्या दारापाशी ओढलाय. बाबा शेगडीसमोर, आई उशीवरून सूचना देते.

"मीठ टाका."

"किती?"

"अंदाजानं."

"माहा अंदाज नाही ना. तुहा अंदाज सांग."

"मुठीत घ्या अन् अर्धं परत ठेवा."

"मंग आधीच अर्धं काहून नाही घ्यायचं?"

"घ्या काय घ्यायचं ते! अन् वरण पातळ नका करू, विनूले नाही आवडत. मी गेल्यावर उपाशी माराल पोरीले."

बाबांनी वरण केलं. जळलं थोडं. त्यांनी दोन वेळा वाढून घेतलं, गॅस झाला म्हणून सोडा पिऊन पडून राहिले संध्याकाळभर. आई मला म्हणाली, "यांचं कसं होईल वं? यांना तं टॉवेल कुठे ठेवला तेही मले विचाराव लागते." तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी पाहिलं. स्वतःसाठी नाही रडली एवढ्या महिन्यांत. मी म्हणाले, मी आहे ना, आई. मी सांभाळीन बाबांना.

"सांभाळजो. त्यांच्याशी बोलत जा. एकटा बसला का माणूस खंगते."

१० एप्रिल

बाबा आईला उचलून ओट्यावर ऊन दाखवायला नेतात रोज सकाळी. ती आता काहीच वजनाची नाही, तरी परत आणताना ते धापा टाकतात. मी म्हणाले मी उचलते. ऐकत नाहीत.

नथ जोडून आणली. आईनं हातात घेऊन पाहिली, तिला बोटांना लागत नव्हती म्हणून ओठांना लावून पाहिली. "मस्त झाली."

१५ एप्रिल

सारखी उलटी. हिरवी. ॲम्ब्युलन्स बोलावली, पुन्हा दाखल. नाकातून नळी घातली. डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आता आठवडा, जास्तीत जास्त. घरी न्यायचं असेल तर उलट्या थांबल्यावर पाहू.

आईला समजलं, मी न सांगताच. नळीमुळे नीट बोलता येत नाही. बाबांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कपाळाकडे. बाबांनी कुंकू लावलं.

मला आता तिचा राग येत नाही. मीच देवाला म्हणाले — मी, जिला हे सगळं थोतांड वाटायचं — की तिला तेवढं मिळू दे. बाकी काही मागत नाही. तिचं हिरवं लुगडं, तिची नथ, सगळ्यांनी वाकून केलेला नमस्कार. मिळू दे.

१८ एप्रिल

आई शांत. बाबा तीन रात्री व्हरांड्यातल्या फरशीवर झोपले. आज मीच पाठवलं घरी — आंघोळ करा, थोडं पडा, सकाळी या. जाताना आईच्या पायाशी उभे राहिले, तिचं पांघरूण नीट केलं. "येतो मी," म्हणाले. आईनं डोळ्यांनीच हाकललं त्यांना.

२० एप्रिल

बाबा गेले. काल सकाळी, घरी, ओट्यावर बसल्या बसल्या. हार्ट अटॅक. आत्या डबा घ्यायला गेली तेव्हा दिसले.

आत्याच्या मुलानं, गौतमनं, अग्नी दिला. मी घाटावर गेले नाही. मी उठले असते तर आईनं विचारलं असतं.

दुपारी आत्या वॉर्डात आली, दोन बायकांना घेऊन. दारातच अडवलं मी. "तिले सांगावंच लागते, विनू. बांगड्या, कुंकू — रीत आहे ते. मले तं त्याच घटकेला सांगितलं होतं, गौतम अंगावर पीत होता. मले कोणी वाचवलं?" मी हात सोडला नाही दाराचा. "तूच म्हणत होती ना, खरं सांगाव म्हणून? आता?"

आत आई जागी झाली होती. आमचा आवाज ऐकून मान वळवली. नळीमुळे अडखळत —

"तुहे बाबा जेवले?"

"जेवले, आई," मी म्हणाले. "वरण स्वतः केलं होतं. आता झोपलेत."